बिनखुणेची बिस्किटं

भंडाऱ्यात बिस्किटाच्या धंद्यात पहिला प्रश्न चवीचा नसे, मालकीचा असे. भट्टीतून पत्रा बाहेर आला की कोणतं बिस्किट कोणाच्या घरचं, हे सांगता आलं पाहिजे. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सत्तरच्या दशकात आमच्या बेकरीत दोन कामं चालत. पहाटे पाव आणि टोस्ट. तो माल बेकरीचा. दुपारी घरोघरच्या बिस्किटांचं काम. दिवाळीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बाया रवा, मैदा, पिठीसाखर, तूप घरून डब्यांत घेऊन येत, बेकरीच्या ओट्यावर बसून मळत, थापत आणि भाजणावळ देऊन आपली बिस्किटं घरी नेत. एका पत्र्यावर दोन-तीन घरांचा माल मावे. म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कोणी कंगव्याचे दात उमटवी, कोणी बाटलीचं बूच दाबी, कोणी शिवणकामाचं टोपण. भंडारा पितळी भांड्यांचं गाव. काही घरांनी कासाराकडून खास ठसे करून घेतले होते: मोर, शंख, तुळशीचं पान.

खूण असण्याचं उघड कारण अदलाबदल टाळणं. दुसरं कारण कोणी उघड बोलत नसे. काही बाया पत्रा भट्टीत जाण्याआधी सहज विचारत, "आधी कोनाचं भाजलं जी?" सूर चौकशीचा, पण उत्तरात आडनाव हवं असे. भट्टीला जात नव्हती, पत्र्याला होती.

बेकरी काकांची. त्यांची दृष्टी गेली तेव्हा मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. विशेषणं कापणं हे तिथलं काम. ते सोडून भंडाऱ्याला आलो, आणि काही वर्षांत साखर कापणं हे काम झालं. त्याची सुरुवात शहराबाहेरच्या कारखान्याच्या वसाहतीतून झाली.

वसाहतीत देशभरची माणसं होती. त्यांतल्या मुखर्जीबाई एके दिवशी पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. यजमानांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तूप, मैदा, साखर बंद. सकाळी लापशी दिली तर गृहस्थ ताट सरकवून कामावर निघून जात. डब्यात ओट होते, परदेशी, चपटे केलेले. ह्याचं हातात धरून खाता येईल असं काही करा, अशी त्यांची मागणी.

आमचे भट्टीवाले इब्राहिम उस्ताद. त्यांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, फुंकले आणि म्हणाले, "मालिक, ये तो घोडे का दाना है."

मुखर्जीबाईंनी ते ऐकलं. "उस्ताद, किसी घोडे को हार्ट अटॅक आया, सुना है कभी?"

"घोडे की शादी भी तो नहीं होती, मॅडम," उस्ताद म्हणाले.

बाई हसल्या, आणि डबा आमच्याकडेच राहिला.

ओट हा पाणी पिणारा जिन्नस. तूप काढून घेतलं की बिस्किटाला धरून ठेवायला काही उरत नाही. एक तर भुगा होतो नाही तर वीट. पहिले तीन-चार घाणे उस्तादांनी बेकरीमागच्या बकऱ्यांना घातले. मार्ग सापडला तो पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात. केळं कुस्करून घातलं की पीठ बांधलं जातं. गोडीला बी काढलेला खजूर, बरोबर थोड्या मनुका, थोडी जाडी कणीक, चिमूटभर सोडा. दुसरी गोष्ट तापाची. नानकटाईला चढता ताव लागतो. ह्या बिस्किटाला उतरता. पाव निघाल्यावर भट्टीत विस्तव नसतो, पण विटांत ऊब असते. त्या उबेत ते सावकाश सुकत भाजलं पाहिजे. घाई केली की वरून करपतं आणि आत ओलं राहतं, मग दोन दिवसांत बुरशी धरतं. हे कळायला एक हिवाळा गेला.

मुखर्जीसाहेबांचा अभिप्राय बाईंनी कळवला: "ईंट है, लेकिन अच्छी ईंट है." ते ती रोज खात. पुढे बदली होऊन जाईपर्यंत त्यांच्या बिस्किटांवर चहाच्या चमच्याची खूण पडत असे.

असाच एक पत्रा गल्ल्याजवळ निवत ठेवलेला असताना मेश्रामबाई आल्या.

मेश्रामबाई मुलींच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका. उंच, सडपातळ, पांढरं लुगडं, हातात नेहमी छत्री. घराण्यात पगाराची नोकरी करणाऱ्या त्या पहिल्या बाई. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी त्या शाळकरी मुलगी होत्या. वसतिगृहात पवनी, अड्याळ, लाखांदूरकडच्या मुली. बहुतेक नवदीक्षित कुटुंबांतल्या, काही गोवारी, काही ढिवरांच्या. शाळा सकाळची आणि जेवण शाळा सुटल्यावर. मधल्या वेळेत कोरा चहा. प्रार्थनेला उभ्या असताना दर आठवड्याला कोणी ना कोणी मुलगी चक्कर येऊन पडे. मेश्रामबाई आमच्याकडे टोस्टची चौकशी करायला आल्या होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी ओटच्या बिस्किटांकडे बोट दाखवलं.

सांगितलं. त्यांनी दोन मागून घेतली, उभ्यानंच खाल्ली, तोंड पुसलं आणि गेल्या. संध्याकाळी परत आल्या.

"दुपारचं जेवली नाही मी मुद्दाम," त्या म्हणाल्या. "तुमचा टोस्ट चहात बुडवला की संपला. हे पोटात बसून राहते. हेच पाहिजे पोरींसाठी. चालता चालता खाता येईल."

डब्यातला ओट वसतिगृहाला परवडणं अशक्य. पण वैनगंगेच्या काठी एका गोठेवाल्यानं गाईंसाठी जई पेरली होती, आणि जई म्हणजे ओटच. कापणीला उशीर होऊन एका तुकड्यात दाणा धरला होता. तो त्यानं देऊ केला. अडचण टरफलाची. ती घेऊन आम्ही दयारामजींकडे गेलो.

दयारामजींची पोह्याची गिरणी होती. धान भिजवायचं, वाळूत भाजायचं, गरम असतानाच चेचायचं, की टरफल सुटतं आणि दाणा चपटा होतो. पोहे म्हणजे एवढंच. त्यांनी जईचा दाणा दाताखाली धरून पाहिला.

"धानाचं जे करतो तेच ह्याचं कराचं," ते म्हणाले. "पन हे पोट्टं जरा आडमुठं हाय जी. कपडे उतरवू देत नाई."

पहिल्या खेपेला टरफलाची बारीक कूस राहिली. मेश्रामबाई तिसऱ्या दिवशी हजर. "वर्गात सगळ्या पोरी खोकून राहिल्या. हेडमास्तर विचारते, साथ आली का." दयारामजींनी जई जास्त वेळ भिजवली, दोनदा चेचली, आणि रविवारी मुलींनी वसतिगृहाच्या अंगणात सुपं घेऊन ती दोनदा पाखडली. त्यानंतर तक्रार आली नाही. परदेशी डब्यात यायचा तो ओट भंडाऱ्यात पोह्याच्या गिरणीत तयार झाला, ही बातमी मी कुठल्याही वर्तमानपत्राला पाठवली नाही. पाठवायला हवी होती.

राहिलं फळ. केळी कधी मिळत, कधी नाही. खजूर आणि मनुका विसरायच्या. मेश्रामबाईंनी एक गाठोडं आणून ओट्यावर सोडलं. सुकलेली मोहफुलं.

"सुट्टीवरून येताना पोरी पेटीत लपवून आणतात," त्या म्हणाल्या. "मनुकेसारखे चघळतात. हेच टाका. फळ नाही, फूल आहे, पण पोटाला काय समजते."

मोहाबद्दलही सांगायला हवं. आमच्या जंगलाच्या भागात, झाडीपट्टीत, उन्हाळ्याच्या तोंडाला मोह गळतो. फुलं वेचून वाळवली की वर्षभर टिकतात. गरिबाघरी ती भाजून, शिजवून, भाकरीत घालून खात. त्याच फुलांची दारूही निघे, आणि शहरात मोह म्हटलं की लोकांना तेवढंच आठवे. ती साठवण्यावर सरकारची नजर असे. आमच्या गाठोड्याएवढ्या फुलांकडे कोणी पाहिलं नाही. आतले केसर काढून, फुलं धुऊन, कोरडी भाजून, बारीक चिरून गुळाच्या पाण्यासोबत पिठात घातली; केळ्याऐवजी पीठ आता गुळानं बांधलं. उस्तादांनी पहिल्या पत्र्यातलं एक मोडून खाल्लं आणि लगेच दुसरं उचललं. मग म्हणाले, "मालिक, इसके सामने मनुका क्या चीज है." आमच्या बेकरीतून इतक्या वर्षांत जे काही निघालं त्यात न्याहारीचा सर्वांत उत्तम जिन्नस हाच होता, हे मत आजही बदललेलं नाही.

त्या पहिल्या दिवशी उस्तादांनी सवयीनं विचारलं, "बाई, निशान क्या डालूँ?"

"खूण नको," मेश्रामबाई म्हणाल्या.

"मिक्स हो जाएगा."

"होऊ द्या. आमच्यावर खूप खुणा झाल्या आतापर्यंत."

मिसळलं मात्र कधीच नाही. सगळ्या पत्र्यांत एकच माल कोरा असे, आणि तो कोणाचा हे सर्वांना ठाऊक झालं.

असं एक वर्ष गेलं. प्रार्थनेला मुली पडेनाशा झाल्या. दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुट्टीनंतरच्या एका दुपारी एक एसटी कंडक्टर खाकी गणवेशात बेकरीत आला. मागे त्याची मुलगी. त्यानं अॅल्युमिनियमचा डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत आमची बिस्किटं.

"ह्यात काय टाकता जी तुमी?"

मी सांगितलं. ओट, कणीक, गूळ, मोहफूल.

"मंग माह्या नाकानं बरोबर सांगतलं," तो म्हणाला.

त्याचं नाव रामटेके, गाव पवनीकडे. मुलगी वनिता, दहावीत, परीक्षा तोंडावर. सुट्टीत घरी जाताना तिनं आपल्या वाट्याची बिस्किटं आजीसाठी साठवून नेली होती. रामटेके तिला शाळेतून काढून घरी न्यायला आला होता. बाई बाजारात गेल्या असताना वसतिगृहातून काढलेली तिची पेटी आधीच गाडीच्या टपावर चढली होती. गाडी स्टँडवर उभी होती आणि बेकरी स्टँडसमोरच. मी पोऱ्याला न पाठवता स्वतः शेजारच्या दुकानातून वसतिगृहात फोन लावला. मेश्रामबाई छत्रीही न घेता चालत आल्या. त्यांना छत्रीवाचून मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

"रामटेकेभाऊ, आधी बसा."

"बसाले टाइम नाई बाई. गाडी सुटून राहिली." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "ह्याच फुलानं माह्या बापाले खाल्लं. मायले त्यानं ह्याच फुलापायी मारलं. आमी दीक्षा घेतली तवा घरातून हे वासासकट बाहेर काढलं. आन तुमी माह्या पोरीच्या तोंडात तेच घालून राहिल्या?"

"तीच दीक्षा मीपण घेतली भाऊ. हे भाजलेलं फूल आहे. दारू नाही."

"वास तं तोच हाय ना."

वास तोच होता.

मला धंद्याचा तोडगा सुचला. मी म्हटलं, वनितापुरती बिस्किटं वेगळी करू, मोहाशिवाय. वेगळा पत्रा, वेगळी खूण. मिसळणार नाहीत ह्याची हमी बेकरीची. रामटेकेनं क्षणभर विचार केला. मग गणवेशाच्या खिशावरचं पितळी बटन ओढून तोडलं आणि ओट्यावर ठेवलं.

"हे दाबा. हे कोनाकडं नसंल."

प्रश्न सुटला असं मला वाटलं. उस्तादांनी बटन उचलायला हात पुढे केला.

"नाही," मेश्रामबाई म्हणाल्या. "वेगळा पत्रा होणार नाही."

"काहून?"

"माझी माय गावच्या लग्नात जाये, तर तिची पत्रावळ वेगळी, कोपरा वेगळा. तुमच्या मायचीही असंल. माझ्या वसतिगृहात एका पोरीचं खाणं वेगळं ठेवणार नाही मी. चांगल्या कारणानंसुद्धा नाही."

"मंग पोरगी घरीच राहीन."

मेश्रामबाईंनी वनिताकडे पाहिलं. त्यांच्या वसतिगृहातून दहावीला बसणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि गणितात वनिता सर्वांत पुढे. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी रामटेकेला सांगितलं नाही. समोर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रामटेकेनं डब्याचं झाकण लावलं.

"बाबा," वनिता पहिल्यांदाच बोलली, "सगळ्या खातीन तेच मी खाईन. नाई तं उपाशी जाईन शाळेत. पयले जातच होती."

"अन चक्कर येऊन पडशीन."

"पडीन. पन पेपर देऊन पडीन."

उस्ताद भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. रामटेकेनं डबा उचलला, पुन्हा खाली ठेवला. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला.

"अरे, थांब ना बे!" तो रस्त्याकडे ओरडला. मग मेश्रामबाईंना म्हणाला, "मंग सगळ्यायचंच काढा ना जी."

"काढते," मेश्रामबाई तत्क्षणी म्हणाल्या. "आजपासून."

एवढ्यावर मिटलं. रामटेके टपावर चढून स्वतः पेटी उतरवून घेऊन आला. बटन त्यानं खिशात टाकलं आणि गाडी घेऊन गेला.

मोहाच्या जागी बोरं आली. वाळलेली बोरं कुटून त्यांची भुकटी, बरोबर जास्तीचा गूळ. आंबटपणा गेला नाही, आणि कितीही चाळलं तरी बीचा कण दाताखाली येई. उस्ताद ते करताना नाक मुरडत: "ये नाश्ता नहीं है, दवाई है." वसतिगृहातून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत चिमण्या वाढल्या, असं मेश्रामबाई म्हणत. उरलेली मोहफुलं मुलींनी रात्री चोरून कोरडीच खाऊन संपवली असंही ऐकलं. त्याची खातरजमा केली नाही.

वनितानं सगळे पेपर एकदाही चक्कर न येता दिले. निकाल लागला, ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि नागपूरला नर्सिंगच्या शिक्षणाला गेली. वसतिगृहाशी रामटेकेचा संबंध तिथे संपला.

शाळा उघडल्या त्या आठवड्यात तो पुन्हा बेकरीत आला. डाव्या खिशावर बटन नव्हतं. तिथे काळं, साधं शर्टाचं बटन लावलेलं. खांद्यावर तांदळाचं पोतं, अर्धं भरलेलं. त्यानं ते ओट्यावर टेकवलं आणि तोंड सोडलं. वास आला तसे उस्ताद भट्टीजवळून उठले.

यंदाचा मोह होता, नीट वाळवलेला.

"सकाळच्या गाडीवर ड्युटी असते माही," रामटेके म्हणाला. "तो रस्ता शाळेवरूनच जाते. पोरी दोन घास खात आन बाकीचं फेकून देत. रोज पायत होतो."

वर्तमानपत्रात शिकलेली एक गोष्ट: माणूस बोलायला लागला की प्रश्न विचारू नये.

"घरी मायले सांगतलं. तं हासली. म्हने, तुले काय याद हाय बे? तुहा बाप दारूत पडला होता तवा उन्हाळाभर म्या तुले मोहाची लापशी चारली. त्याच्यावरच वाचला तू." त्यानं पोत्यात हात घातला आणि फुलं वरखाली केली. "मले बापाची दारूच याद होती जी. मायची लापशी इसरलो होतो."

निरोप गेला, मेश्रामबाई आल्या. छत्री होती. त्यांनी पोत्यात पाहिलं, मग रामटेकेकडे.

"तुमची वनिता तर गेली आता इथून."

"गेली ना जी. बाकीच्या हायेत ना."

बाईंनी एक फूल उचलून बोटांत उलगडलं. "केसर काढलेले आहेत?"

"मायनं काढले. एक एक करून."

बाईंनी पोतं उस्तादांकडे सरकवलं. पाव नुकतेच निघाले होते, ताव उतरत होता. भाजायला हीच वेळ. उस्तादांनी पत्रा पुसला, पीठ घेतलं आणि पुन्हा सवयीनं, मान वर न करता, विचारलं, "निशान?"

मेश्रामबाई बोलणार, तेवढ्यात रामटेकेच म्हणाला, "कायची निशान उस्ताद? सगळ्यायचंच तं हाय."